दुकान वाढवलं

१

माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. भावाने नाही, भावजयीने नाही, पुण्याच्या एजन्सीवाल्याने नाही, आणि चाकणच्या हवालदाराने तर मी बोलत असताना कानात काडी घातली. चौथी शिकलेली विधवा, तोंडाने फटकळ, दुकानोदुकानी साबण मांडत हिंडणारी. असल्या बाईचं कोण ऐकतं? नका ऐकू. झालं तसं लिहिते. रंगवून लिहायला मला येत नाही.

पंचावन्न साल. माझे मालक, मारुतराव, तळेगावला काचेच्या कारखान्यात होते. ते त्याआधी तीन वर्षं तापाने गेले, तेव्हा मी चाकणला भावाकडे येऊन राहिले. भाऊ म्हणजे दत्तोबा. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. आई बाळंतपणात गेली, त्याला मीच वाढवला. पेठेत त्याचं किराण्याचं दुकान, दुकानामागे स्वयंपाकघर, मधे एक दार. त्याची बायको यशोदा. पोरबाळ नाही. तिघांचं घर.

पुड्या बांधायच्या रद्दीत मला ती जाहिरात सापडली. ‘साबण कंपनीस दुकानांत माल मांडण्यासाठी स्त्री पाहिजे.’ जाहिरात तीन महिन्यांची जुनी. तरी अर्ज केला. लिहिलं: चौथी पास, वय बेचाळीस, ओझं उचलता येतं, दुकानदाराशी भांडता येतं. दत्तोबा म्हणाला, “आक्का, जागा कवाच भरली असंल.” आठ दिवसांत कार्ड आलं. ‘जागा पुन्हा रिकामी झाली आहे, ताबडतोब यावे.’

पुन्हा म्हणजे काय, हे मी तेव्हा विचारलं नाही.

रविवार पेठेत एजन्सीची कचेरी. तिथले उद्धवराव चष्म्याच्या वरून बघत म्हणाले, “बाई, भांडता येतं हे गुणात धरायचं की दोषात?”

“साबण मागच्या फळीवरून पुढच्या फळीवर आणायचाय ना? मग गुणात धरा.”

ते हसले. नोकरी मिळाली.

२

काम सोपं होतं. सोनटक्का छाप साबण, पिवळ्या वेष्टणावर पांढरं फूल. चाकण, भोसरी, चिंचवड, तळेगाव मिळून एकोणीस दुकानं माझ्याकडे. एस.टी.ने जायचं. दुकानदाराने साबण मिठाच्या पोत्यामागे नाहीतर रॉकेलच्या डब्याशेजारी टाकलेला असायचा. तो काढायचा, पुसायचा, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर येईल त्या फळीवर मांडायचा. प्रत्येक वडीचं तोंड पुढे. एकही आडवी नको, पाठमोरी नको. मागे कंपनीची रिकामी खोकी रचायची, म्हणजे माल भरपूर दिसतो. मग तक्ता भरायचा.

तक्ता मुंबईहून छापून यायचा. कोणीतरी इंग्रजीवरून मराठी केलेला. दुकानाचं नाव, तारीख, तळाशी लिहिणाऱ्याची सही, आणि मधे: ‘दुकान वाढवले किंवा नाही. योग्य तो शब्द हाताने लिहावा.’

मी म्हटलं, “हे काय अभद्र छापलंय?”

“अभद्र कसलं? दोन फळ्यांवर माल होता, चार फळ्यांवर केलात, की लिहायचं ‘वाढवले’.”

“ती मांडणी वाढवली. इथं दुकान लिहिलंय. संध्याकाळी दाराला फळ्या लावतात त्याला म्हणतात दुकान वाढवलं. बंद केलं असं कोणी तोंडाने म्हणत नाही. बांगडी फुटली तरी वाढवली म्हणतात. दिवा विझवताना —”

“कळलं, कळलं. मीही काही विलायतेहून आलेलो नाही. पण मुंबईच्या साहेबाला हे सांगणार कोण? तुम्ही जाता?”

“भाडं द्या, जाते.”

“लिहा हो बाई,” उद्धवराव म्हणाले. “शब्दाने काय होतंय!”

मी लिहिलं. पहिल्या फेरीत तिघांनी मला दोनाच्या चार फळ्या करू दिल्या. भोसरीचे लक्ष्मणराव, चिंचवडचे बबनराव, तळेगावचे यशवंतराव. त्या तीन तक्त्यांवर ‘वाढवले’. बाकी सोळांवर ‘नाही’.

३

पंधरा दिवसांनी दुसरी फेरी. भोसरीला उतरले तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. ऊन चांगलं वर आलेलं. लक्ष्मणरावांच्या दाराला फळ्या लावलेल्या.

शेजारी शिंप्याचं दुकान होतं. त्याने मशीन न थांबवता सांगितलं, “वाढवलं त्यांनी.”

“कधी?”

“परवा. का तेरवा.”

“का म्हणून?”

“मी काय त्यांचा मुनीम हाय? गेले असतील सासुरवाडीला. बायकोबी दिसत न्हाई.”

आता माणूस सासुरवाडीला जातो, त्यात काय. मी फळ्यांवर डकवलेलं कंपनीचं चित्र कोणी फाडलं नाही ना ते बघायला जवळ गेले. तेव्हा आतून आवाज आला. खोकं लाकडावरून सरकवल्याचा. सर्र, आणि मग टक्. पुन्हा सर्र, टक्. हा आवाज मी ओळखते, दिवसभर तोच करत असते. वडी नाहीतर खोकं फळीवर ढकलायचं, आणि शेवटी बोटाने तोंड सरळ करायचं.

मी फळी ठोकली. “लक्ष्मणराव?”

आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला, पण जरा लांबून. मग आणखी लांबून. ते दुकान आत चार पावलं होतं. चार पावलांत आवाज जाऊन जाऊन किती लांब जाणार?

उंदीर असतील, मी म्हटलं. रिकामी खोकी आहेत, ओढत असतील.

उंदीर खोकी कुरतडतात, मांडत नाहीत. पण हे मला एस.टी.त बसल्यावर सुचलं.

४

चिंचवडला बबनरावांचंही वाढवलेलं. तिथं मी कोणाला विचारलं नाही. दोन फळ्यांच्या मधे करंगळीएवढी फट होती, तिला डोळा लावला.

वरच्या कौलातून उन्हाची तिरीप पडली होती म्हणून दिसलं. मी मांडलेल्या चार फळ्या तशाच होत्या. त्यांच्या वर आणखी फळ्या, आढ्यापर्यंत. बाजूलाही. सगळीकडे पिवळी वेष्टणं, सगळ्यांची तोंडं पुढे. मी केलं असतं त्याहून नीट केलेलं होतं. मागच्या भिंतीवर बबनरावांचं कॅलेंडर असायचं. मी ते शोधलं. भिंतच सापडेना. पिवळं, त्याच्या मागे पिवळं, त्याच्याही मागे, नजर पोचेना तिथपर्यंत.

मी डोळा काढला आणि वळसा घालून मागच्या बोळात गेले. मागची भिंत जिथल्या तिथे होती. तिला कोणी गोवऱ्या थापल्या होत्या, खाली एक शेळी बांधलेली. भिंतीच्या कडेने पुढपर्यंत पावलं मोजत आले. पाच. पुन्हा मोजली. पाचच.

ऊन डोळ्यांवर आलं असेल. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. हे सगळं मी मनाशी म्हटलं. तळेगावला यशवंतरावांच्या दाराला फळ्या दिसल्या, तशी मी रस्ता ओलांडलाच नाही.

ज्या सोळांवर ‘नाही’ लिहिलं होतं, ती सोळाच्या सोळा दुकानं उघडी होती. दुकानदार नेहमीसारखे कटकट करत होते. इतकं बरं वाटलं मला ती कटकट ऐकून.

५

उद्धवरावांना सांगितलं. त्यांनी तीन कार्डं काढून पुढ्यात टाकली. भोसरी, चिंचवड, तळेगाव. तिन्हींवर एकच ओळ: माल पाठवा.

“बंद दुकानं माल कसा मागतील?”

“हा गेनू उभा आहे, विचारा त्याला. तोच पोचवतो.”

गेनू एजन्सीचा छकडेवाला. पन्नाशीचा माणूस. तंबाखू मळत म्हणाला, “फळ्याम्होरं खोकी ठिवतो न् येतो. दुसऱ्या खेपंला नसत्यात.”

“उचलतं कोण?”

“ते मला काय ठावं बाई? मी ठिवतो.”

“बघा,” उद्धवराव म्हणाले. “माल उठतोय.”

“आणि माणसं? बबनराव कुठं गेले?”

“बाई, साबणाचं तोंड पुढे करणं तुमचं काम. दुकानदाराचं नव्हे.” मग चष्मा पुसत म्हणाले, “बरं झालं आलात. तुमच्या सख्ख्या भावाचं दुकान यादीत आहे. त्याच्यापुढे दोन्ही वेळा ‘नाही’. मुंबईहून विचारणा झालीय. येत्या बाजाराच्या दिवशी मी स्वतः चाकणला येतो. ‘वाढवले’ लिहिलेला तक्ता तयार ठेवा. नसेल तर सुमनताई म्हणून एक बाई आहेत, त्यांचा अर्ज या टेबलावरच आहे.”

घरी येऊन मी सरळ सांगितलं, “दत्तू, तुझ्या दुकानात मी साबण मांडणार नाही.”

“का गं आक्का? माझ्या दुकानाला काय वाळवी लागली व्हय?”

मी सगळं सांगितलं. आवाज, फट, पावलं, कार्डं. तो डाळ पाखडत ऐकत होता. शेवटी हसायला लागला.

“अगं, मी रोज सांजच्याला दुकान वाढवतो न् सकाळच्याला उघडतो. आजवर माझं काय गेलं न्हाई.”

“तू बोलतोस. हे लिहायचंय.”

“बोलल्यानं व्हत न्हाई ते लिव्हल्यानं व्हतंय? मास्तरीण झालीस का?”

“वन्सं, पण नोकरी जाईल हो तुमची,” यशोदा चुलीपाशी होती, तिथून म्हणाली.

“जाऊ दे.”

“जाऊ दे कसं? मग दिवसभर घरात बसाल न् माझ्या भाकरीला नावं ठेवाल.”

“ती मी आताही ठेवते.”

तिघंही हसलो. त्या घरातलं ते शेवटचं हसू, म्हणून ध्यानात राहिलं.

मी मांडत नाही म्हटल्यावर दत्तोबानेच उठून चार फळ्या मोकळ्या केल्या आणि साबण मांडला. मुद्दाम मला दाखवत, एकेक वडी बोटाने सरळ करत. “ही बघ. खाल्लं का मला साबणानं?” मी तक्त्याला हात लावला नाही. कोराच घडी करून देवळीत ठेवला. झोपायच्या आधी ठरवलं, उद्या बाजार, उद्धवराव निघायच्या आत पहिल्या गाडीने पुण्याला जाऊन नोकरी सोडल्याचं लिहून द्यायचं. नोकरी नसली तर नसली. भाऊ असला म्हणजे झालं.

६

पुण्यात उद्धवराव भेटले नाहीत. माझी गाडी यायच्या आधीच ते चाकणला निघून गेले होते. चिठ्ठी कारकुनाकडे दिली आणि मागे फिरले.

चाकणला उतरले तेव्हा दुपारचे दोन. बाजार भरलेला. मिरच्यांचे ढीग, बैलांच्या घंटा, माणसाला माणूस घासत होतं. दत्तोबाच्या दुकानापुढे पाचसात बायका पिशव्या घेऊन उभ्या. दाराला फळ्या.

बाजाराच्या दिवशी. दुपारी दोनला.

एक बाई म्हणाली, “मगाशीच वाढवलं की त्यांनी.”

मी मागच्या बाजूने आत धावले. यशोदा भाकरी थापत होती. ताट वाढून ठेवलेलं, त्यावर दुसरं ताट पालथं.

“कुठाय दत्तू?”

“दुकान वाढवून जेवायला येतो म्हणाले. झाला की तास. ते पुण्याचे साहेब आले होते, फळ्या बघून खूश झाले, तक्ता घेऊन गेले. ते गेले न् ह्यांनी फळ्या लावल्या.”

“हाक नाही मारलीस?”

“मारली. आतून आवाज येतोय, मांडामांड चाललीय. म्हटलं येतील.”

दुकानात जायच्या दाराला कडी नव्हती, नुसतं लोटलेलं होतं. ते दुकान आत सात पावलं. त्या दारातून समोर रस्त्याकडच्या फळ्या दिसायच्या, फटींतून उन्हाच्या रेघा, आणि बाजाराच्या दिवशी तर गलका असा यायचा की बोललेलं ऐकू जायचं नाही. मी दार ढकललं. गलका थांबला.

समोर फळ्या नव्हत्या. म्हणजे फळ्या होत्या, पण दाराच्या नव्हेत. दोन्ही अंगांनी मांडणी, वरपासून खालपर्यंत, आणि मधे एक वाट. उन्हाची रेघ कुठे नाही. तरी दिसत होतं. पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बघितल्यावर दिसतं तसं. आणि वास नव्हता. एवढा साबण, आणि वास कसलाच नाही. मला सगळ्यांत जास्त भीती त्याची वाटली.

सर्र, टक्. लांबवर.

“दत्तू,” मी म्हटलं.

आवाज थांबला.

पार लांब, डोळ्यांसमोर येते त्या फळीवर, खोक्यांच्या मधे एका माणसापुरती जागा होती. तिथं पाठ दिसली. त्याचाच सदरा. जन्मभर तराजू धरून दत्तोबाचा डावा खांदा खाली गेला होता, तो चालायचाही वाकडा. ती पाठ सरळ होती. कोणीतरी नीट करून ठेवल्यासारखी. मग ती वळायला लागली. माणूस पाय उचलून वळतो तशी नव्हे. वडी बोटाने फिरवतात तशी, जागच्या जागी.

मी तोंड पाहिलं नाही. तोंड पुढे यायच्या आत मी दार ओढलं. वरची साखळी कधी कोणी लावत नसे, गंजलेली होती. ती मी लावली.

“आहेत ना हो आत?” यशोदा मागे येऊन उभी होती. हाताला पीठ.

“नाही.”

“मग साखळी का लावलीत?”

मी तिला बाजूला सारून हवालदाराला बोलवायला धावले. साखळी का लावली ते आजवर कोणाला सांगितलं नाही.

७

तासाभराने हवालदार आला. लोकांनी बाहेरून फळ्या काढल्या. दुकान होतं तसं. सात पावलं. चार फळ्यांवर साबण, तराजू, मापं, गुळाची ढेप, बैठकीखाली दत्तोबाच्या वहाणा. दत्तोबा नाही. मी पाहिलं ते सांगितलं. हवालदाराने लिहिलं की सदर इसम कोणास न सांगता निघून गेला. वहाणा न घालता कोण निघून जातं, असं मी विचारलं, तर म्हणाला, “बाई, साधू लोक जातात.” फळ्या पुन्हा लावल्या.

मग गाव बोलायला लागलं. हिचा नवरा गेला, आता भाऊ गेला. पांढऱ्या पायाची. यशोदा ओट्यावर उभी राहून चार बायकांदेखत ओरडली, “हिनं खाल्लं माझं घर! हिच्या साबणानं खाल्लं!” मी खाली मान घालून भाकरी थापत राहिले. तिने बोलणं टाकलं. एका चुलीवर दोघी दोन वेळा रांधायला लागलो.

तीन आठवड्यांनी उद्धवराव आले. माझी चिठ्ठी त्यांना मिळाली होती, त्याबद्दल काही राग नव्हता. ओट्यावर बसून त्यांनी पिशवीतून कागद काढला.

“जाता जाता एवढं निस्तरा. चाकणचा तक्ता मुंबईहून परत आलाय. शब्द आहे, खाली सही नाही. आणि चाकणहून मागणी तर मोठी आलीय.” त्यांनी एक कार्डही काढलं. मी कार्डाकडे पाहिलं नाही.

तक्ता मी कोरा ठेवला होता. आता त्यावर शब्द होता. मोठ्या, वाकड्या, शाईने गिरवलेल्या अक्षरांत: वाडवले.

दत्तोबाचं अक्षर बारीक, उजवीकडे झुकलेलं. हे त्याचं नव्हतं. दोन हिवाळे मी दुपारची यशोदाला पाटी घेऊन अक्षरं शिकवत होते. सगळी आली तिला. ढच्या पोटातली गाठ तेवढी कधी जमली नाही, दर वेळी ड काढायची आणि जीभ चावायची.

माझी नोकरी जाऊ नये म्हणून. दुसरं काही नाही.

यशोदा आता नाही, गेल्या वर्षी गेली. असती तर मी हे लिहिलं नसतं.

तेव्हा ती उंबऱ्यात आली होती. तिने कागद पाहिला. आपलं अक्षर माणूस लांबूनही ओळखतं. मग तिने साखळी लावलेल्या दाराकडे पाहिलं, आणि हळूहळू तिच्या तोंडावरचा रंग उतरत गेला.

“वन्सं,” ती म्हणाली. तीन आठवड्यांनी पहिल्यांदा. “वन्सं, तो शब्द —”

“साहेबांना पाणी आण,” मी म्हटलं. “ऊन फार आहे.”

ती हलली नाही. दाराला धरून उभी राहिली.

उद्धवराव म्हणाले, “मग? कोणाचं नाव घालू? कोणाच्या तरी हातून झालंच असेल ना.”

“आणा इकडे,” मी म्हटलं. त्यांच्या हातातलं पेन घेतलं, कागद मांडीवर सरळ केला आणि यशोदाला उंबऱ्यातून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं: सोजराबाई मारुतराव भेगडे.